दुधातला पासंग

३ फेब्रुवारी

काट्याच्या कंपनीकडून दरवर्षी एक डायरी येते. दरवर्षी ती घरी हिच्याकडे जाते आणि तिच्यात गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेची मापं भरतात, कारण ही शिवणकाम करते आणि मी वजनकाटे दुरुस्त करतो. यंदा मी डायरी माझ्या हत्यारांच्या पिशवीत ठेवून घेतली. एक गोष्ट कुणाशी तरी बोलायची आहे आणि ती बोलता येईल असा माणूस आसपास नाही. कागद बरा. कागद हसत नाही.

मुलगा, सून आणि नात परवा त्यांच्या नव्या घरी राहायला गेली. नात रांगायला लागल्यापासून आतल्या खोलीत आजीजवळ झोपायची आणि मी हॉलमधल्या दिवाणावर. आता ती शाळेत जाते. इतक्या वर्षांत दिवाणाला माझ्या पाठीचा आकार आला आहे.

काल जेवणं झाल्यावर ही म्हणाली, "आता आत या की झोपायला. त्या दिवाणावर काय ठेवलंय?"

"सवय झाली गं. इथे वारा येतो."

"आतही खिडकी आहे," ती म्हणाली, आणि भांडी जरा जोरातच मांडली.

खरं कारण वाऱ्याचं नाही. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या त्या सुमारास, आता कसं लिहू, माझी इच्छाच आटली. माया तेवढीच आहे, रतीभर कमी नाही. पण अंग ऐकत नाही. आत जायचं आणि हिच्याकडे पाठ करून भिंत बघत पडायचं, त्यापेक्षा दिवाण बरा. त्याला निदान वाईट तरी वाटत नाही.

६ फेब्रुवारी

भोंगा येऊन बसला. माझा लहानपणापासूनचा मित्र. जन्मभर बस चालवली, त्यामुळे इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागली ती लागलीच. हळू बोल म्हटलं तर समोरच्या दुकानापर्यंतच ऐकू जाईल इतकं हळू बोलतो. मी विषयाच्या कडेकडेने सांगत होतो, त्याने थेट मध्यभाग गाठला.

"एवढंच ना? तुझा चेहरा बघून मला वाटलं किडनी गेली."

आणि खिशातून एक बाटली काढून काट्यांच्या मधोमध ठेवली. आत लाल कॅप्सूल. "सगळी जडीबुटी आहे. अर्ध्या तासात वीस वर्षांनी लहान."

बाटली फिरवून बघितली. नाव नाही, कोणी बनवली ते नाही, कधी बनवली तेही नाही.

"तू घेतोस?"

"आणल्यात. अजून उघडल्या नाहीत. म्हटलं आधी तुला काय होतं ते बघू."

असा हा जिवाभावाचा मित्र.

"शिक्का नसलेलं वजन मी माझ्या टेबलावर चढू देत नाही," मी म्हणालो.

"अरे, हे वजन आहे का?"

"पोटात घालायचंय म्हणजे जास्तच."

गाल फुगवून गेला. बाटली पुन्हा त्याच खिशात टाकली. छातीत दुखलं तर जिभेखाली धरायच्या गोळ्यांची डबीही त्याच खिशात असते. दोन्ही एकमेकांवर वाजत गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या.

पण 'जडीबुटी' हा शब्द मात्र तो माझ्याकडे विसरून गेला.

८ फेब्रुवारी

औषधवाल्या बाईंकडे गेलो. त्यांचा मलम तोलायचा छोटा काटा मीच बघतो, म्हणून ओळख. दुकान रिकामं होण्याची वाट बघत टूथब्रशांसमोर उभा राहिलो. एक ब्रश हातात घेऊन इतका निरखला की बाईंनी विचारलं, "काका, त्यात काही बिघाड आहे का?"

"अश्वगंधा मिळेल?" मी म्हणालो. हळूच म्हणायचं होतं. भोंग्याच्या संगतीचा परिणाम, दुसरं काय.

बाईंनी एक सीलबंद डबी काढली. वर बनवणाऱ्याचं नाव, तारीख, आत काय आहे, सगळं छापलेलं. मला बरं वाटलं. हा झाला शिक्का.

"कशासाठी हवीय?"

"अशक्तपणा."

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का? रक्तदाब, साखर, थायरॉइड, झोपेची?"

माझ्या गोळ्या दवाखान्यातूनच मिळतात, त्यामुळे बाईंना माहीत असायचं कारण नव्हतं. आणि माझ्यामागे एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. बाळसुद्धा माझ्याकडेच बघत होतं.

"छे. मी ठणठणीत आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तरी डॉक्टरांना एकदा विचारा. आणि थोडीच घ्या सुरुवातीला."

मी मान हलवली. लाजेखातर टूथब्रशही घेऊन आलो.

९ फेब्रुवारी

डबीवर प्रमाण चमच्यात लिहिलं आहे. आता चमचा हे काय माप झालं? जितकी घरं तितके चमचे. मी सोनाराचा काटा काढला. आधी सवयीप्रमाणे दोन्ही पारडी उलटी करून पाहिली. गिऱ्हाईक कितीही सज्जन असो, मी प्रत्येक काट्याचं हे करतो. एखादं पारडं हलकं भरलं तर त्याच्याखाली मेणाचा किंवा शिशाचा बारीक तुकडा लावतात, त्याला पासंग म्हणतात. तोल साधायला लावला तर तो गुणी. पण लबाडीलाही तोच लावतात, आणि वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

माझी पारडी स्वच्छ निघाली. डबीवर लिहिल्याच्या निम्मीच पूड तोलली, कोमट पाण्यातून घेतली. चव जुन्या गोणपाटाची. डबी मोठ्या वजनांच्या मागे ठेवली आहे.

हिला सांगितलं नाही. गुण आला की सांगावं लागणार नाही, आणि नाही आला तर सांगायचं काय?

१२ फेब्रुवारी

फरक अजून काही नाही. पण हिचं माझ्यावर लक्ष वाढलं आहे. कालपासून संध्याकाळी दुकानातून आलो की गरम दुधाचा पेला हातात देते आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही.

"हे दूध कसं काय?"

"का? दूध द्यायला मुहूर्त लागतो? हाडांना चांगलं असतं."

"तू नाही घेत?"

"माझी हाडं बरी आहेत."

दुधाची चव जराशी ओळखीची लागली. रोज पूड घेऊन माझ्या जिभेवर गोणपाटच बसलं आहे, त्याला ती बिचारी काय करणार. तळाशी थोडा गाळ होता. तेवढा ठेवला तर म्हणाली, "तोच तर घ्यायचा असतो. साय आहे." घेतला.

१६ फेब्रुवारी

कमाल आहे. अंगात घोडा संचारायचा, तर इथे पिशवीत मांजर शिरावं तशी झोप शिरली आहे. काल दूध पिऊन बूट काढायला दिवाणावर बसलो. एक बूट काढला. दुसरा सकाळी काढला.

न्याहारीच्या वेळी ही म्हणाली, "माझं बोलणं इतकं कंटाळवाणं असतं का हो?"

"नाही गं. काय सांगत होतीस?"

"काही नाही. नवीन झंपर शिवला होता, तो दाखवत होते."

मला फार वाईट वाटलं. झंपर आठवायचा खूप प्रयत्न केला. मोरपंखी असावा.

१९ फेब्रुवारी

पोट बिघडलं आहे. दुपारपर्यंत दुकानापेक्षा मागच्या बाजूलाच जास्त होतो. पूड आणखी कमी केली, चिमूटभरच आता. तोलून. झोप मात्र कमी व्हायला तयार नाही, उलट दुपारीही डुलक्या येतात. इतक्या कमी मालाला इतका परिणाम? काटा दोनदा तपासला. केस ठेवला तरी दांडी कलते. काटा बरोबर आहे.

घरी गेलो तर हिची मैत्रीण मास्तरीण आली होती. शिवणवर्गात शिकवते म्हणून सगळे मास्तरीणच म्हणतात. मी दारात पाय ठेवला आणि दोघी एकदम गप्प. मग मास्तरीण माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाली, "काय भाऊजी, तब्येत काय म्हणते? ताकद वगैरे?"

"ताकद कसली? दिवसभर झोप येते."

"अगंबाई," ती हिला म्हणाली, "कमी पडत असेल."

काय कमी पडत असेल ते विचारायच्या आत दोघी स्वयंपाकघरात गेल्या. झोपच कमी पडत असेल, असं तिला म्हणायचं असावं. बायकांचं निदान.

२२ फेब्रुवारी

आज फजिती झाली, आणि जरा भीतीही वाटली.

बटाट्याच्या वखारीत मोठा काटा तपासायला गेलो होतो, पोती चढवतात तो. उकिडवा बसून खालचे पेच आवळले आणि उठलो तर डोळ्यांपुढे अंधार. धरायला काही सापडेना, तसा त्याच काट्यावर मटकन बसलो. कानात सूं सूं आवाज. त्यातून वखारवाल्याचा आवाज येत होता. मला वाटलं विचारपूस करतोय. तो आकडा वाचत होता.

"वजन घटलंय की तुमचं. का माझा काटाच कमी दाखवतोय?"

"काटा बरोबर आहे," मी बसल्या बसल्या म्हणालो. "आत्ताच तपासलाय."

त्याने पाणी दिलं, पोत्याला टेकवून बसवलं आणि घरी फोन केला. ही हातातलं काम टाकून तशीच आली. गळ्यात टेप, खांद्यावर दोरा. कुणाशी न बोलता माझ्या कपाळाला हात लावला. मी तो हात धरून ठेवला.

वाटेत एकदाच म्हणाली, "तुम्हाला काही झालं ना, तर ते माझ्यामुळे."

"तू काय केलंस?" मी म्हटलं. मनात आलं, पाप माझं आणि डोळे हिचे भरतायत. उद्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकायचं. पण ही बरोबर येणार म्हणते. हिच्यासमोर कसं सांगू?

२३ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहायलाच हवं.

डॉक्टर सावकाश बोलणारे आहेत. रक्तदाब मोजला, कपाळाला आठी. पुन्हा मोजला. "बराच खाली आलाय. साखरही कमीच आहे. गोळ्या त्याच ना? मग आणखी काय घेता?"

मी जमिनीकडे पाहिलं. हिने छताकडे. पंखा बंद होता, तरी ती पंख्याकडेच बघत राहिली.

"थोडी अश्वगंधा," मी म्हणालो. "अगदी थोडी, डॉक्टरसाहेब. सोनाराच्या काट्यावर तोलून."

हिने मान इतकी झटकन वळवली की कानातले हलले.

डॉक्टरांनी किती ते विचारलं. मी सांगितलं.

"एवढ्याशाने इतकं व्हायला नको. नक्की एवढीच घेता?"

"माझा काटा खोटं बोलत नाही," मी म्हणालो. मला जरा लागलं ते.

तेव्हा शेजारून बारीक आवाज आला. "त्यात माझी धरा."

"तुमची कसली?"

"दुधातली." ही पर्सची चेन उघडत होती, लावत होती. "रोज संध्याकाळी देते ह्यांना. दोन चमचे. परवापासून तीन."

"कुठला चमचा?" हे मी विचारलं. सवयीने तोंडातून गेलं.

"वाढायचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे पुसत बसले. मी जन्मभर लोकांची पारडी उलटी करून पासंग शोधला. रोज हातात येणारा पेला काही उलटा करून बघितला नाही. तळाचा गाळसुद्धा साय म्हणून पिऊन टाकला.

मग डॉक्टर शांतपणे बोलले. ही पूड रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या जोडीला गेली की दोन्ही आणखी खाली आणू शकते, झोप आणते, जास्त झाली की पोट बिघडवते. क्वचित कुणाच्या यकृतालाही त्रास होतो, म्हणून रक्त तपासायचं. आजपासून दोन्ही पुड्या बंद. डोळे पिवळे दिसले, लघवीचा रंग गडद झाला किंवा अंगाला खाज सुटली तर थेट यायचं.

"वनस्पती आहे ना पण?" ही म्हणाली. "मला वाटलं, झाडपाला काय करणार."

"काही करत असेल तरच तुम्ही देणार ना?" डॉक्टर म्हणाले. "मग जे करतं ते नको तिथेही करू शकतं."

नंतर त्यांनी हळूच विचारलं, घेत होता कशासाठी. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांचे कान लाल.

"बरं, कळलं," ते म्हणाले. "हे मला आधी सांगितलं असतंत तर? तुमच्या रक्तदाबाच्या गोळीनेच कुणाकुणाला असं होतं. मनाने बंद करायची नाही, मी बदलून देतो. साखर बरी राहिली की त्यानेही फरक पडतो. रिपोर्ट नीट आले आणि तरी घ्यावीशी वाटली तर तेव्हा बघू. थोडी, एकाच हाताने, मला सांगून. कुणाला त्याने थोडा गुण येतो, कुणाला अजिबात नाही. महिनाभर तरी वाट बघावी लागते."

निघता निघता मी भोंग्याच्या बाटलीचं विचारलं. नाव न घेता. त्याच्या जिभेखालच्या गोळ्यांचंही सांगितलं. डॉक्टरांचं हसू एकदम गेलं. म्हणाले, अशा बिननावाच्या कॅप्सुलांत पुष्कळदा नुसती जडीबुटी नसतेच, चिठ्ठीशिवाय मिळू नये असं जोराचं औषध मिसळलेलं सापडतं. त्यावर जिभेखालची गोळी घेतली तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठतच नाही.

बाहेर आल्यावर ही बसस्टॉपच्या बाकावर बसली. बस आली, गेली. आम्ही बसलेलोच.

"तुम्ही का घेत होता?" ती समोर बघत म्हणाली.

"तुझ्यासाठी. म्हणजे, माझ्यासाठीच. आत यायची भीती वाटत होती."

"भीती कसली?"

"तू वाट बघशील आणि मी नुसताच घोरत पडेन, ह्याची."

तिने टेप बोटाभोवती गुंडाळला, सोडला. आजही गळ्यात टेप होताच. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच नकोशी झाले. जाड झाले, केस पिकले. म्हणून तुम्ही दिवाण सोडत नाही. मास्तरीण म्हणाली, अगं, तसं नसतं, पुरुषांना वयात अशक्तपणा येतो, दुधातून दे. मग दिलं."

"आणि मी एक बूट घालून झोपलो."

ती हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग तोंड सोडून. पुढची बस आली, ड्रायव्हरने दार उघडून धरलं, आणि आम्ही दोघं म्हातारे बाकावर हसून हसून वाकलेलो. त्याने दार लावलं आणि गेला.

"वाढायच्या चमच्याने," मी म्हटलं, की ती पुन्हा सुरू.

२४ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडायच्या आधी भोंग्याकडे गेलो.

"कॅप्सूल घेतलीस का?"

"रविवारी घेणार आहे."

"घेणार नाहीस." डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो उसळला. म्हणाला, तुझी पूड फुकट गेली म्हणून माझ्या सुखावर टपलास. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, बाटली दे, नाहीतर इथेच मुक्काम. लहानपणी गोट्यांसाठी असाच उभा राहायचो. आज तो पोरगा समोर पांढऱ्या मिशांत उभा होता, आणि मला एवढंच वाटत होतं की हा कर्कश आवाज गल्लीतून जाता कामा नये.

शेवटी त्याने बाटली माझ्या हातावर आपटली. "ने. आणि तोंड बंद ठेव."

"माझ्या तोंडाचं जाऊ दे. तुझ्या तोंडाचं काय?"

तिथून औषधवाल्या बाईंकडे. बाटली त्यांच्या हवाली केली, नीट नष्ट करा म्हटलं. आणि सांगून टाकलं की त्या दिवशी खोटं बोललो, गोळ्या चालू होत्या.

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "ठणठणीत माणूस टूथब्रशापाशी इतका वेळ उभा राहत नाही. पुढच्या वेळी लाज वाटली तर कागदावर लिहून द्या. मी मोठ्याने वाचत नाही."

४ मार्च

नवी गोळी सुरू आहे. चक्कर नाही, झोप माणसांसारखी. पोट ताळ्यावर.

संध्याकाळी दोघं नदीकाठाने चालून येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. बाकी बोलायला कुणी सांगितलेलं नाही, पण बोलणं फार होतं. काल तिने मला तिच्या लहानपणीच्या एका बकरीची गोष्ट सांगितली. इतका संसार झाला आणि मला ही बकरी ठाऊक नव्हती.

काल उशी घेऊन आत गेलो. फक्त झोपायला, असं आधीच ठरवून, तिलाही तसं सांगून. ती म्हणाली, "अहो, मी काय परीक्षा घेणार आहे?" सकाळी उठलो तर तिचा हात माझ्या हातात होता आणि माझ्या हाताला मुंग्या. तरी बराच वेळ हलवला नाही.

११ मार्च

ही म्हणाली, उभे राहा, शर्टाचं माप घ्यायचंय. मी म्हटलं, माझं माप तुला पाठ आहे. म्हणाली, "वखारवाला म्हणतो वजन घटलंय. बघू दे."

दुपारची वेळ, खिडकीतून ऊन, मी हात पसरून उभा. छाती मोजली, पाठ मोजली, पुन्हा छाती मोजली. इतकी वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईला एका शर्टाच्या मापाला एवढा वेळ का लागावा, कळत नाही. शेवटी टेप गळ्यातच राहिला, माझ्या. मोरपंखी झंपर घातला होता. ह्या वेळी मी तो नीट बघितला आणि तसं सांगितलंही. ती म्हणाली, "चला, डोळे उघडे आहेत म्हणायचे."

आकडा कुठे लिहून घेतलेला दिसला नाही.

१५ मार्च

आज काही लिहीत नाही. दुकान उशिरा उघडलं.

१६ मार्च

आजही उशिराच. भोंगा येऊन बंद दारासमोर उभा होता. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला विचारलं, "काय रे, गाणं कसलं म्हणतोयस?"

मी गाणं म्हणत होतो हे मला माहीत नव्हतं.

तोही काल डॉक्टरांकडे जाऊन आला. म्हणे, मी डॉक्टरांना अगदी कानात सांगितलं. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी त्याला शुभेच्छा दिल्या. त्याच्या छातीची तपासणी नव्याने करणार आहेत, मग काय चालेल ते सांगतील. बायकोही बरोबर गेली होती. ती म्हणाली, "एवढं मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मला तुम्ही रात्री घोरायचं थांबलात तरी पुष्कळ." त्यावर हा दिवसभर विचार करतो आहे.

२५ मार्च

महिन्याने पुन्हा केलेल्या तपासणीचे रिपोर्ट आले. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, हवी असेल तर घ्या आता, थोडी, आणि रक्तदाबावर लक्ष ठेवा. परत येताना औषधवाल्या बाईंकडून नवी डबी आणली. आम्ही दोघं मिळून गेलो. बाईंनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि आम्ही दोघांनी एकदम सगळ्या घडाघडा सांगितल्या, शाळेतल्या कवितेसारख्या. मागे दोन माणसं उभी होती. असू देत.

घरी नियम ठरला. मी तोलायची, हिने द्यायची. दुसऱ्या कुणी कशात काही घालायचं नाही. वाढायचा चमचा हिने माझ्यासमोर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आता तरी झोप लागेल ना?"

१८ एप्रिल

औषधवाल्या बाईंचा काटा तपासायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, "डबी संपत आली असेल, दुसरी काढून ठेवू?"

घरी येऊन बघितलं तर डबीचं सील अजून तसंच. मीही विसरलो होतो आणि तीही. मग हा सगळा गुण त्या नव्या गोळीचाच म्हणायचा. डॉक्टरांना तसं सांगायला हवं, चांगली गोळी आहे. हिला म्हटलं तर ती सुईत दोरा ओवत माझ्याकडे बघून नुसती हसली. "हो, गोळीच असेल," म्हणाली.

"आता फोडायची का डबी?"

"राहू दे की. कुठे पळून जातेय ती?"

तिने शाळेच्या गणवेशांचं मोठं काम घेतलं आहे. कापडाचे गठ्ठे आले आणि ठेवायला जागा नाही म्हणून सगळे हॉलमधल्या दिवाणावर रचले, पार खिडकीपर्यंत. म्हटलं, कधी तिथे पडावंसं वाटलं तर मी काय करू? म्हणाली, "उभ्याने झोपा." आणि आणखी एक गठ्ठा वर ठेवला.